जपानला निघताना आधी बाळाचं कॅलेंडर मांडा

संपादक महोदय,

परदेशातल्या नोकरीवरच्या पुरवण्यांमध्ये पगार, कर, घरभाडं, भाषेची परीक्षा यांवर भरपूर छापून येतं. दीड-दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन जपानला निघालेल्या जोडप्याला त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं. त्यांचं पहिलं वर्ष कसं जाणार हे ऑफर लेटरपेक्षा वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जास्त ठरतं. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबं कित्येक वर्षांपासून राहतात. तरी नवीन येणारं प्रत्येक कुटुंब त्याच चार-पाच ठिकाणी अडकतं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा घोळ आजीवरून होतो. "पोराला आई येऊन सांभाळेल" या एका वाक्यावर आपल्याकडे अख्खा बेत उभा असतो. जपानमध्ये नोकरदाराच्या आई-वडिलांना कुटुंबीय म्हणून राहण्याचा व्हिसा साधारणपणे मिळत नाही. ते अल्प मुदतीच्या व्हिसावर येतात आणि जास्तीत जास्त ९० दिवस राहतात. अपवाद आहे तो 'उच्च कौशल्य' दर्जाच्या व्हिसाधारकांचा. मूल सात वर्षांच्या आतलं हवं, घराचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन किंवा अधिक हवं, सगळे एकाच घरात राहणारे हवेत, आणि नवऱ्याचे किंवा बायकोचे, अशा एकाच बाजूचे आई-वडील बोलावता येतात. बाकीच्यांनी आजीचे तीन महिने कुठे वापरायचे ते ठरवून ठेवावं. बहुतेक जण ते विमानातून उतरल्या उतरल्या खर्च करतात. खरी गरज पडते ती मूल पाळणाघरात रुजू होतानाच्या आठवड्यांत आणि त्यानंतरच्या आजारपणांत.

आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे तिची औषधं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती असतील तर विशेष परवानगीशिवाय जपानमध्ये आणता येतात. ९० दिवसांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आणायच्या तर निघण्याआधी 'युन्यू काकुनिन-शो' हे आयात-पुष्टिपत्र काढावं लागतं. घरी स्वतः टोचायच्या इन्शुलिनलाही एक महिन्याचीच मर्यादा आहे. पत्रासाठी शुल्क नाही, पण अर्जाला वेळ लागतो आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि एकूण नग स्पष्ट हवेत. आजीला जपानचा सरकारी आरोग्यविमा मिळत नाही, त्यामुळे जुन्या आजारांना धरणारा प्रवासविमा भारतातूनच घ्यायला हवा.

आता कागदपत्रांचा क्रम. क्रम म्हणतो, कारण एक पायरी चुकली की पुढची दोन थांबतात. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे ना, हे आधी बघा. आपल्याकडे बऱ्याच दाखल्यांवर नावाचा रकाना रिकामा असतो, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. तो दाखला पात्रता प्रमाणपत्राच्या, म्हणजे व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशन खात्याकडून काढायच्या कागदाच्या, अर्जाला चालणार नाही. हे प्रमाणपत्र हातात आलं की त्याची मुदत तीन महिन्यांची असते; तेवढ्यात व्हिसा काढून जपानमध्ये उतरावं लागतं. विमानतळावर निवासी कार्ड मिळतं. घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्त्याची नोंद करायची. त्या नोंदीनंतर माय-नंबर हा ओळख क्रमांक येतो, मग कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव अवलंबित म्हणून चढतं, आणि ते चढल्यावरच वॉर्डाकडून मुलांच्या वैद्यकीय सवलतीचं कार्ड मिळतं.

शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी विम्यानंतर स्वतःच्या खिशातून २० टक्के भरायचे असतात. टोकियोच्या २३ वॉर्डांत या कार्डामुळे तेही माफ होतात. विमा चढायला काही आठवडे लागू शकतात, आणि बाळ नेमकं तेव्हाच तापतं. अशा वेळी पूर्ण बिल भरायचं आणि पावती व उपचारांचा तपशील मागून जपून ठेवायचा. विमा आला की परतावा मिळतो. टोकियोबाहेरच्या प्रांतात डॉक्टरांकडे गेलात तर हे कार्ड चालत नाही. तिथेही आधी पैसे भरून नंतर वॉर्डाकडे मागावे लागतात.

पत्त्याची नोंद करायला जाल त्याच दिवशी, त्याच इमारतीत, बालभत्त्याचा अर्ज द्या. 'जिदो तेआते' परदेशी रहिवाशांनाही मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट गेली आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५ हजार येन, त्यानंतर १० हजार, आणि तिसऱ्या अपत्यापासून ३० हजार. राहायला आल्यापासून १५ दिवसांत अर्ज न दिल्यास उशिराच्या महिन्याचे पैसे बुडतात, मागाहून मिळत नाहीत. बाप आधी येऊन राहिला आणि बाळ अजून भारतातच असेल, तर तोवर भत्ता नाही. अर्ज दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या नावाने होतो आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात येतात. इथे नावाची गंमत होते. पासपोर्टावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन पदरी रचना, ती वॉर्ड ऑफिसात कातकाना लिपीत एका पद्धतीने लिहिली जाते आणि बँकेत दुसऱ्या. एक दीर्घ स्वर इकडचा तिकडे झाला तरी पैसे परत जातात. पहिल्या दिवशी कातकानातलं नाव एका कागदावर पक्कं लिहून घ्यायचं आणि वॉर्ड, बँक, विमा, पाळणाघर सगळीकडे तोच कागद पुढे करायचा. फॉर्मवर जन्मवर्ष बहुधा रेइवा या जपानी सनात मागतात. इसवी सनातून २०१८ वजा करा, म्हणजे २०२४ चं बाळ रेइवा ६ चं.

लसीकरणावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे गोंधळ झाला तर तो बाळाच्या दंडावर उमटतो. जपानमध्ये लसींचे फॉर्म वॉर्डाकडून घरी येतात, पण ते तिथे जन्मलेल्या मुलांना. बाहेरून आलेल्या मुलाचं भारतीय कार्ड घेऊन आपण स्वतः आरोग्य केंद्रात जायचं आणि उरलेल्या लसींचे फॉर्म मागायचे. कार्डावर ०३/०४/२०२४ असं असेल तर त्याचा अर्थ ३ एप्रिल की ४ मार्च, हे समोरच्या कर्मचाऱ्याला कळायचं कसं? निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून स्वच्छ यादी करून घ्यावी: महिना अक्षरात, लसीचं व्यापारी नाव न लिहिता तिच्यातले घटक, डोस कितवा, आणि शेवटी सही-शिक्का.

वेळापत्रकातले फरक असे. बीसीजी आपल्याकडे जन्मतःच देतात, जपानमध्ये साधारण पाच ते आठ महिन्यांत, आणि तीही नऊ सुयांचा शिक्का दोनदा दाबून. त्यामुळे तिथल्या मुलांच्या दंडावर अठरा ठिपके असतात आणि आपल्या मुलाचा एकच व्रण पाहून नर्स थबकते. गोवर-रुबेलाचा आपला नवव्या महिन्याचा डोस जपानी वेळापत्रकात पहिला म्हणून सहसा धरला जात नाही, कारण तिथला पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावरचा. तो मोफत मिळण्याची खिडकी दुसऱ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बंद होते. कांजिण्यांचे दोन डोस पहिल्या आणि तिसऱ्या वाढदिवसाच्या दरम्यान मोफत आहेत. गालगुंडाची लस मात्र ऐच्छिक आहे, म्हणजे मूळ खर्च आपला. जपानी मेंदूज्वराची लस महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी घेतलेली नसते. तिथे ती सहसा तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते. टोचून द्यायच्या दोन जिवंत लसींमध्ये किमान २७ दिवस जावे लागतात, हे लक्षात ठेवून निघण्याच्या आठवड्यात घाईघाईने एखादी लस उरकू नये. तिथला पुढचा डोस त्यामुळे लांबतो.

औषधांच्या पिशवीत बहुतेक घरांतून पॅरासिटामॉल जातंच. ते न्या, पण एकच तीव्रतेचं. आपल्याकडे त्याचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे मिळतात, आणि सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन तऱ्हांचं. एका डोसला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरलं, तर १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. रात्री दोन वाजता थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या अंदाजाने पाच मिली घातले तर ते ५०० मिलिग्रॅम होतं. जपानी डॉक्टर हेच औषध भुकटी किंवा गुदद्वारातून द्यायची सपोझिटरी म्हणून देतात. तीवरची मात्राही मिलिग्रॅममध्येच वाचायची, आणि सोबत सिरप द्यायचं नाही. सपोझिटरी फ्रिजमध्ये ठेवायची असते. रात्रीच्या सल्ल्यासाठी #८००० हा मुलांच्या आजारांचा फोन क्रमांक आहे, संभाषण बहुधा जपानीत. अँब्युलन्ससाठी ११९. वय, ताप किती, कधीपासून, लघवी शेवटची कधी झाली, ही चार वाक्यं जपानीत लिहून फ्रिजवर चिकटवलेली असावीत. तापात आकडी आली तर बाळाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ११९.

पाळणाघराचं गणित सगळ्यात किचकट. 'होइकुएन' म्हणजे सरकारमान्य पाळणाघर; तिथे प्रवेश गुणांवर मिळतो, आणि गुण आई-वडील किती तास काम करतात यावर. अवलंबित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, पण त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. नोकरी नाही म्हणून गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून मुलाखतीला जायचं कसं. 'नोकरी शोधत आहे' या कारणावर अर्ज करता येतो, पण त्याचे गुण कमी आणि मिळालेली जागा साधारण तीन महिन्यांपुरती. तेवढ्यात काम लागलं नाही तर जागा जाते.

मुलाचा वर्ग त्याच्या १ एप्रिल रोजीच्या वयावर ठरतो. मे २०२४ चं बाळ एप्रिल २०२६ मध्ये एक वर्षाच्या वर्गात जाईल, मग ते पुढच्याच महिन्यात दोन वर्षांचं होत असलं तरी. या एक वर्षाच्या वर्गाला सगळ्यात जास्त ओढ असते, कारण बाळंतपणाच्या रजा संपवून जपानी आया तेव्हाच कामावर परततात. दोघांची नोकरी पक्की असेल तर सप्टेंबरपर्यंत जपानमध्ये पोहोचावं, म्हणजे एप्रिलच्या अर्जाच्या वेळी पत्ता तिथला असतो आणि दोन्ही कंपन्यांकडून नोकरीचं प्रमाणपत्र वॉर्डाच्या नमुन्यात भरून घ्यायला वेळ मिळतो. मार्चमध्ये येणाऱ्यांना फक्त उरलेल्या जागा मिळतात.

प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. पहिले एक-दोन आठवडे 'नाराशी होइकु' असते. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. या काळात कामावर रुजू होण्याची तारीख दिलेली असेल तर फजिती ठरलेली. रोज सकाळी ताप मोजून वहीत लिहायचा. ३७.५ अंश सेल्सिअसवर गेला की बहुतेक ठिकाणांहून फोन येतो, घेऊन जा. पहिल्या वर्षी हे फोन वारंवार येतात. आजारी मुलासाठी कायद्याने वर्षाला पाच दिवसांची रजा आहे, दोन किंवा अधिक मुलं असतील तर दहा, पण तिचा पगार द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. आजारी मुलांना ठेवणारी केंद्रंही आहेत, मात्र तिथे नाव आधीच नोंदवलेलं असावं लागतं. बाळ तापलेलं असताना नोंदणीला जाऊन उपयोग नाही.

शुल्काबद्दल बातमी चांगली आहे. तीन ते पाच वर्षांच्या वर्गांचं मूळ शुल्क देशभर ऑक्टोबर २०१९ पासून माफ आहे, आणि टोकियोत सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या अपत्याचंही दोन वर्षांपर्यंतच्या वर्गांचं शुल्क माफ झालं. अर्थात जागा मिळाली तर.

घरी असणाऱ्या आईने किंवा वडिलांनी होइकुएनच्या मागे लागून वर्ष घालवू नये असं मला वाटतं. तासांवर मूल ठेवायची 'इचिजी होइकु' आहे, वॉर्डाची मोफत खेळघरं आहेत, आणि एप्रिल २०२६ पासून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना पालकांच्या नोकरीची अट न लावता महिन्याला दहा तासांपर्यंत ठेवून घेण्याची योजना देशभर लागू झाली आहे. दहा तास थोडे आहेत, पण दात दाखवायला किंवा इमिग्रेशनला जायला पुरतात. मूल तीन वर्षांचं होत आलं की 'योचिएन' म्हणजे बालवाडी. तिथे नोकरीची अट नसते, मूल दुपारी दोनच्या सुमारास घरी येतं. टोकियोतल्या खासगी बालवाड्यांचे फॉर्म १५ ऑक्टोबरपासून मिळतात आणि अर्ज १ नोव्हेंबरपासून घेतात.

जेवणाबद्दल शाकाहारी घरांनी भ्रमात राहू नये. पाळणाघरातलं सूप, भाजी, अगदी पालकाची कोशिंबीरसुद्धा सुकवलेल्या माशाच्या 'दाशी'त, म्हणजे अर्कात, असते. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पदार्थ वगळतात; श्रद्धेसाठी वगळतील का, की डबा चालेल, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, आणि ते अर्ज भरण्याआधी विचारायचं. दुकानातल्या पाकिटावर अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, अक्रोड, बकव्हीट (कुट्टू), कोळंबी, खेकडा अशा ठरावीक पदार्थांचाच उल्लेख अ‍ॅलर्जीसाठी सक्तीचा आहे. जिलेटीन आणि चरबी घटकांच्या यादीत शोधावी लागते.

दीड वर्षाची आणि तीन वर्षांची आरोग्य तपासणी कायद्यानेच ठरलेली आहे. तिचं पत्र टपालाने, जपानीत येतं. आपल्या घरांत ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं. दीड वर्षाच्या तपासणीत बाळ किती शब्द बोलतं ते विचारतात. मराठीतले शब्दही मोजायचे: आई, भूभू, पाणी, नको. यादी करून न्या, शेजारी जपानी अर्थ लिहा. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं खुंटत नाही. त्या भीतीने घरात मराठी बंद करू नका. पण बाळ बोटाने दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल तर भाषेच्या गोंधळावर न ढकलता तिथेच सांगा. तीन वर्षांच्या तपासणीआधी नजरेची आणि कानांची चाचणी पालकांनी घरीच करायची असते. अडीच मीटरवरून चित्र किंवा कडी दाखवायची, आणि कुजबुजत्या आवाजात शब्द म्हणून चित्रावर बोट ठेवायला लावायचं. शब्द कुत्रा, बूट असे साधे असतात. ते जपानीत म्हटले आणि मुलाला समजलेच नाहीत, तर कान कमजोर असल्याची नोंद होईल. मराठीत म्हणा आणि फॉर्मवर तसं लिहा.

घराचं थोडक्यात. तळमजल्याला तिथे पहिला मजला म्हणतात, आणि पळणाऱ्या मुलासाठी तोच घ्यावा, नाहीतर खालच्यांची तक्रार येते. बाल्कनीत एसीचा बाहेरचा डबा कठड्यापासून ६० सेंटिमीटरच्या आत असेल तर मुलासाठी ती चढायची पायरी होते. घर बघतानाच मोजा. अंघोळीच्या टबात पाणी साठवून ठेवायची जपानी सवय लहान मूल असेपर्यंत उचलू नका, वरच्या झाकणावर भरवसा नको. उंच कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधा आणि बाळाचं अंथरूण त्यांच्यापासून दूर घाला. भूकंपानंतर बाहेर पडताना स्ट्रोलर निकामी ठरतो. अंगावर बांधायची झोळी दाराशी हवी.

आणि एक विनंती. आपल्या पुरवणीत यावर काही छापायचं झालं, तर वेळ साधा. एप्रिल प्रवेशाचे अर्ज टोकियोच्या बऱ्याच वॉर्डांत ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान घेतात. गणपतीच्या सुमारास छापलंत तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दिवाळी अंकांच्या गर्दीत आलं तर वाचेपर्यंत मुदत गेलेली असेल.

आपला,
एक वाचक
निशिकासाई, टोकियो